ओबोची खुर्ची

ओबो म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना सांगावं लागलंय, तेव्हा इथेही सांगून टाकते आणि मोकळी होते. हातभर लांबीची काळ्या लाकडाची नळी, अंगभर चांदीच्या रंगाच्या चाव्या, आणि तोंडाशी बोटाएवढी रीड. रीड म्हणजे बोरूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना दोऱ्यानं बांधलेल्या. त्यांच्यामधल्या फटीतून फुंकायचं. सनईची बहीण म्हणा हवं तर. पण सनई मांडवात पुढे बसून गाते, आणि ओबोला तीसचाळीस जणांच्या मध्ये बसून गावं लागतं, तेही कोणाच्या पायावर पाय न देता. शिवाय सगळा वाद्यवृंद सुरात आणायचा तर पहिला सूर ओबोनं द्यायचा. हल्ली पोरं मोबाइलवर सूर लावतात. लावा बापड्यांनो, माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते इथे नको.

आता असलं वाद्य रत्नागिरीत मांडवीला मासळीवाल्याच्या घरात आलं कसं? तर आप्पाकाकांमुळे. आप्पाकाका बाबांचे थोरले भाऊ. पोरवयात मुंबईला गेले, गोदीत हमाली करायला म्हणून, आणि लागले सरकारी बँडात. तिथे एका गोवेकराच्या हाताखाली ओबो शिकले. पुढे वरचे दात गेले आणि बँडही गेला, कारण ओठाला आतून दाताचा टेका नसला की ओबोचा सूर ठरत नाही. बिनलग्नाचा माणूस, वळकटी आणि काळा डबा घेऊन घरी परत आला. बाबा बोटीवर तांडेल होते, दर्यावर त्यांचा शब्द शेवटचा आणि घरातही तसाच. त्यांनी काकांना माडी दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि डब्यात काय आहे ते कधी विचारलं नाही. ते विचारलं मी.

तेव्हापासून आमच्या घराच्या संध्याकाळी अशा. आई बाजार उठवून पाटी रिकामी करून यायची, हातपाय धुऊन चुलीपुढे बसायची. बांगड्याचं तिखलं शिजायला लागलं की तिरफळांचा वास जिन्यावरून वर यायचा, आणि त्या वासात मी एकच सूर धरून बसलेली असायची. काका म्हणायचे, "मोठा नको करूस. लांब कर." लांब केला की म्हणायचे, "आता मोठा कर. आता लहान. लहान म्हणजे कमजोर नव्हे गो बाय, लहान सूर शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे." मला सोलकढी बंद होती, आंबटानं ओठ आखडतात म्हणून. मांडवीत राहायचं आणि सोलकढी प्यायची नाही! मी काकांना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते लिहिण्यासारखं नाही.

वाद्यवृंद रत्नागिरीत कुठला? मग काकाच वाद्यवृंद व्हायचे. व्हायोलिनं बारीक आवाजात स्वतः गायचे, ढोलासाठी पाटावर पळी आपटायचे. खाली आई मसाला कुटत असली तर ओरडायचे, "सुमन, थांबू नको, तुजा ताल बरा हाय!" आई खालून, "मोठे भावजी, मसाला झाला की मी थांबणारच," म्हणायची आणि तरी काही वेळ रिकामं मुसळ घालत राहायची. भाट्याच्या वाळूवर रापण ओढायची असली की काका मला घेऊन जायचे. किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा, समुद्रातल्या जाळ्याचे दोर ओढत मागेमागे सरकणाऱ्या. काका म्हणायचे, "जोर कोण लावतोय ता बघू नको. दोर कोणाच्या हातात सैल पडतोय ता बघ, आणि बाकीचे काय करतायत ता बघ." मी बघायची. एकाचा हात ढिला पडला की शेजारचे दोघं न बोलता थोडं जास्त घ्यायचे, आणि दोर तसाच ताठ यायचा. "ह्याला साथ म्हणतात," काका म्हणायचे. "बाकी सगळं बोटांचं काम."

ओबोची खरी खोड श्वासाची आहे. बासरीवाल्याला हवा पुरत नाही. आमचं उलटं. रीडची फट इतकी बारीक की हवा जातच नाही, छातीत शिळी होऊन साठते, आणि छाती भरलेली असताना माणूस गुदमरायला लागतो. "आधी सोड, मग घे," हे काकांनी मला हजार वेळा सांगितलं असेल. सोडायला वेळ लागतो, आणि गाणं चालू असताना तो वेळ कुठून आणायचा हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. काकांचे बँडातले जुने दोस्त डिमेलो सर मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद चालवत होते. स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचे आणि अधूनमधून गावोगाव कार्यक्रम. त्यांचा ओबोवाला बोटीवरच्या बँडात नोकरी धरून निघून गेला होता आणि त्याची खुर्ची रिकामी होती. रत्नागिरीत कार्यक्रम ठरला, हॉल बघायला त्यांचा माणूस आला, तेव्हा काकांनी त्याच्याकडून निरोप धाडला की माझी पुतणी वाजवते, तिला खुर्चीवर बसवून बघ. उलट निरोप आला, रविवारी सकाळी तालमीला आण, दुपारी चारला कार्यक्रमात बसव, मग बघतो.

बाबांना सांगायची वेळ आली तेव्हा काका भाकरीकडे बघत बोलले. बाबांनी सगळं ऐकलं. मग मला म्हणाले, "कंपनीत कोळंबी सोलायला मुली घेतायत. मी बोलून ठेवलाय. पयल्या तारखेपासून जायचं." मग पाणी पिऊन, "त्या साहेबानं माज्या तोंडावर येऊन पोरगी मागितली, तर जाईल मुंबईला. नाय मागितली तर ही पिपाणी डब्यात, आणि परत विषय नाय." काका म्हणाले, "बरं." मला वाटलं, बरं काय बरं! पण बाबांशी त्याहून जास्त कोणी बोलत नसे.

रीड काका स्वतः करायचे. मुंबईहून बोरूच्या कांड्या यायच्या, त्या भिजवून, तासून, दोरा गुंडाळून, पुन्हा तासून, मग चारसहा दिवस हळूहळू वाजवून मुरवायच्या. त्या रविवारसाठी त्यांनी तीन केल्या होत्या, आणि त्यांतली एक अशी उतरली होती की नुसता श्वास टेकवला तरी बोलायची. रीड सुकली की चिरते, म्हणून काका आठवडाभर सगळ्यांना बजावत होते, "हात लावू नका हां, सुकून फुटतील, पोरीचं वाटोळं होईल." हे आईनं ऐकलं.

आमच्या आईचा एक कायदा होता. जपायचं असेल त्याला खोबरेल. खाऱ्या वाऱ्यात सगळं गंजतं, तडकतं, म्हणून विळीला खोबरेल, कोयत्याला खोबरेल, कुलपाला, पाटाला, माझ्या टाळूला, बाबांच्या भेगाळलेल्या टाचांना. लेकीच्या आयुष्याची वस्तू सुकून फुटणार म्हटल्यावर तिनं काय करावं? शनिवारी तिनं घाण्यावरचं तेल वाटीत कोमट केलं, तिन्ही रीड त्यात बुडवून ठेवल्या, आणि रविवारी पहाटे स्वच्छ फडक्यानं पुसून परत डबीत लावल्या. वर डबीवर हळदीकुंकू.

सकाळी तालमीला निघायच्या आधी मी रीड पाण्यात भिजवायला काढली. पाण्यावर तवंग आला. ओठात धरली तर गिळगिळीत. फुंकलं तर नुसती हवा, फुस्स. दुसरी तशीच. तिसरी, ती माझी बोलकी, तीही तशीच. काकांनी ती हातात घेतली, नाकाशी नेली.

"खोबरेल," ते म्हणाले.

आई चुलीपुढून हसत उठली होती. "बघा, कशी चकचकीत झालीत," म्हणत आली, आणि आमची तोंडं बघून थांबली. मी काय काय ओरडले ते आठवत नाही. तिचं आठवतं. तीही एकदम ओरडली, "मी काय मुद्दाम केलाय काय गो? सुकतंय सुकतंय म्हणून आठ दिस बोंबलतोय कोण? मला कोणी सांगितलं पाणी लागतं म्हणून? ह्या घरात मला कोण काय सांगतंय?" आणि पदर तोंडात कोंबून परसात निघून गेली. बाबा ओटीवर जाळं तुणत होते. त्यांनी मान वर केली, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि परत सुई चालवायला लागले.

काका माडीवर गेले आणि बऱ्याच वेळानं एक जुनी रीड घेऊन खाली आले. त्यांच्या बँडातली शेवटची. घासून घासून इतकी पातळ झालेली की उजेड आरपार दिसायचा. वाजत होती, एवढंच. मऊ झालेली रीड सूर खाली सोडते, म्हणून प्रत्येक स्वर ओठानं दाबून वर उचलून धरावा लागतो. वरच्या पट्टीत तर ती मिटूनच जायची. "जोर लावलास की बंद पडेल," काका म्हणाले. "दिवसभर जपून. ओठ संपले की संपलं." आणि घोटभर पाणी देऊन मला पुढे घातलं.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये होती, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी खरी वाद्यं एवढी कधी पाहिलीच नव्हती. व्हायोलिनंच दहाबारा, मागे चेलो, बासरी, क्लॅरिनेट, अ‍ॅकॉर्डियन, तबला. मधोमध एक रिकामी खुर्ची. डिमेलो सर जाडे, घामट, तोंडात सतत काहीतरी चघळणारे. काकांना त्यांनी मिठी मारली, माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "बस. सूर दे."

मी दिला. सगळ्यांनी लावून घेतला आणि मग अ‍ॅकॉर्डियनवाला म्हणाला, "सर, खाली आहे." अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्या कारखान्यात बसवलेल्या, त्याला खाली उतरता येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओठ आवळला, जबडा दुखेपर्यंत आवळला, आणि सूर रांगत रांगत वर नेला. सरांनी चघळणं थांबवलं. "असा धरणार कार्यक्रमभर?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढच्या व्हायोलिनवाल्या बाई मागे वळून हळूच म्हणाल्या, "मुली, रडू नकोस हं, ओठ ओले झाले की घसरतात." त्याआधी मला रडू आलं नव्हतं, त्यांनी म्हटल्यावर आलं.

सरांनी स्वतः लिहिलेली एक लांब रचना होती, तिच्यात मध्ये सगळे थांबतात आणि ओबो एकटा गातो. खालून सुरू होऊन हळूहळू चढत जाऊन एका उंच स्वरावर उभं राहायचं, मग व्हायोलिनं येऊन तो स्वर हातात घेतात. तालमीत मी त्या उंच स्वरावर पोचलेच नाही. रीड मिटली, फुस्स झालं. सरांनी ताल दाखवायची काठी खाली घेतली. "चारला बघू," एवढंच म्हणाले. मी दुपारी जेवले नाही. आई परसातून आली नव्हती, आणि पानं बाबांनी वाढली होती. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं.

चारला हॉल गच्च भरला. गाणारं कोणी नाही, नुसती वाद्यं, हे कळल्यावर लोकांची कुरकुर चालली होती. उजव्या भिंतीशी काका उभे, दाराशी बाबा, इस्त्रीचा सदरा घातलेले, हाताची घडी. आई दिसत नव्हती. पहिला अर्धा कार्यक्रम कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी एकेक स्वर उचलून धरत होते, भरलेली पाटी डोक्यावरून चढणीला न्यावी तशी. खालचा ओठ आतून फाटला होता, तोंडात रक्ताची चव होती. मग ती लांब रचना आली. सगळे थांबले. सरांनी माझ्याकडे हात केला.

सुरुवात झाली. खालचे स्वर त्या म्हाताऱ्या रीडनं बरे दिले. मी चढायला लागले, आणि चढता चढता छाती भरत गेली. शिळी हवा. सोडायची राहिली होती. डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि उंच स्वर दोन पावलांवर होता. आता जोर लावला तर रीड मिटणार, नाही लावला तर मी गुदमरणार. मला भयंकर भीती वाटली. आणि त्या भीतीत मी जे कोणीही करू नये ते केलं. वाजवणं थांबवलं. उंच स्वराच्या अगदी उंबऱ्यावर, सगळ्या हॉलसमोर थांबले आणि छाती रिकामी केली. तो उसासा शेवटच्या रांगेत ऐकू गेला असेल.

मला वाटलं आता व्हायोलिनं घुसणार, कारण त्यांच्या कागदावर त्यांची जागा तीच होती. ती घुसली नाहीत. सगळ्यांचे गज हवेत. सरांचा हात हवेत. तबलजीनं हात चामड्यावर टेकवून ठेवलेला. कोणी हललं नाही. मी ढिली पडले होते आणि त्यांनी मला धरून ठेवलं होतं. त्या शांततेत मी नवा श्वास घेतला आणि तो उंच स्वर जोरानं न वाजवता, जवळजवळ न वाजवल्यासारखा सुरू केला. त्या रीडला तेवढंच जमत होतं. तो आला. बारीक आला, पण आला, आणि मी त्याला हलवलं नाही. आणि व्हायोलिनं इतकी हळू आली की माझा स्वर कुठे संपला आणि त्यांचा कुठे सुरू झाला ते मलाच कळलं नाही. पुढे मी आयुष्यभर स्टुडिओत वाजवलं, चांगल्यातल्या चांगल्या रीडवर वाजवलं. तसं परत झालं नाही, हे सरळच सांगते.

टाळ्या झाल्या. कुठलीही रचना संपल्यावर होतात तशाच झाल्या. कार्यक्रम संपला, पडदा पडला, लोक उठले. सर माझ्यापाशी आले, मला वाटलं आता. ते म्हणाले, "ही रीड फेकून दे," आणि पुढे गेले.

एवढंच. मी ओबो पुसून डब्यात ठेवला. वाजवणारे खोके उचलत होते, रातोरात मुंबई गाठायची म्हणून सगळ्यांची घाई. शाळेच्या पटांगणात त्यांची बस उभी होती. बाबा फाटकाशी उभे होते, सर त्यांच्या समोरून दोनदा गेले, एकदा तर त्यांना "जरा बाजूला व्हा" म्हणाले. मागितलं काही नाही. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी मनात म्हणत होते, झालं, कोळंबी. मला सगळ्यांचा राग आला होता, सरांचा, बाबांचा, त्या डब्याचा. आई गुलमोहराखाली उभी होती. म्हणजे ती आली होती, मागे कुठेतरी उभी राहून तिनं ऐकलं होतं. तोंडावर पदर तसाच.

सगळे बसमध्ये चढले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सर पुढच्या खिडकीशी बसून पुडीतले फुटाणे खायला लागले. आणि बाबा फाटकापासून हलले. ज्या माणसानं स्वतः अट घातली होती, साहेबानं येऊन मागितलं पाहिजे म्हणून, तो तरातरा चालत बसपाशी गेला आणि होडीच्या फळीवर मारावी तशी त्यानं बसच्या पत्र्यावर थाप मारली.

"ओ साहेब! पोरीचा काय?"

सरांनी डोकं बाहेर काढलं. "पोरीचं काय म्हणजे?"

"तुमी कायच बोललाव नाय." बाबांचा आवाज चढला होता. मी त्यांना कोणाकडे काही मागताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "माज्या पोरीनं वाजवलं ना तुमच्यात? मग काय ता सांगा. बरं वाजवलं की नाय वाजवलं? न्यायची की नाय न्यायची?"

सरांनी फुटाण्याची पुडी बंद केली. "अहो, विचारायचं काय त्यात? परवा रेकॉर्डिंग आहे, खुर्ची तिची आहे. मागची सीट मी तिच्यासाठी रिकामी ठेवलीय. मघापासून बघतोय, हिची बॅग कुठे आहे म्हणून."

बाबांनी पत्र्यावरचा हात काढला, सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "दादा, तू जा तिच्यासंगती. परळला आपल्या आक्काकडं उतरा." काका डबा घेऊन बसच्या पायरीवर चढलेसुद्धा होते. मग बाबा वळले आणि गुलमोहराकडे बघून, आमच्या जन्मात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"काय गो सुमन, धाडू ना?"

आईनं पदर तोंडावरून काढला, कमरेला खोचला. "गाडी थांबवा," ती म्हणाली, "मी तिचे कपडे घेऊन येते," आणि घराच्या वाटेनं धावत सुटली.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.